उंची मोटार आणि आपला रस्ता

इसवी सन १९०८ मध्ये मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची एक परीक्षा घेण्यात आली होती. एकूण प्रवास सुमारे ६२० मैलांचा, वाटेत सह्याद्रीचे घाट, आणि रस्ता बैलगाड्यांच्या सोयीने केलेला, खडी-मुरुमाचा. त्या परीक्षेत ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची रोल्स-रॉइस मोटार यशस्वी ठरली. सहा सिलिंडरांची, सात लिटरच्या इंजिनाची ती गाडी पुढे ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी विकत घेतली. संस्थानिकांच्या दाराशी रोल्स-रॉइस उभ्या राहू लागल्या त्या काळाची ही सुरुवात होय. आज पुण्याहून कोल्हापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर पेठ नाक्याला आपला शिराळ्याचा रस्ता फुटतो. तेव्हा विलायती मोटार आणि देशी रस्ता यांची गाठ पडण्याचा हा जो विषय आहे, तो आपल्या उंबरठ्याजवळचाच आहे.

इंग्लंडातल्या कारखानदाराला या परीक्षेची गरज का वाटली असेल? गाडी उत्तम आहे हे तर त्याच्या गावी सिद्ध झालेलेच होते. पण ‘उत्तम’ हा शब्द यंत्राच्या बाबतीत कधीच एकटा उभा राहत नाही. कोणत्या रस्त्यावर उत्तम, कोणत्या हवेत, कोणते तेल पिऊन, कोणाच्या हाती, हे प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतातच. रोल्स-रॉइसला हा धडा हिंदुस्थानात नव्हे तर ऑस्ट्रियात मिळाला. १९१२ च्या आल्प्स पर्वतातील स्पर्धेत जेम्स रॅडली यांची रोल्स-रॉइस काट्शबर्गच्या चढावर अडली. गाडीला तीनच गिअर होते, आणि इंग्लंडच्या सौम्य चढांना ते पुरत असत. कंपनीने चार गिअरांची पेटी बसविली, इंजिन थंड ठेवण्याची व्यवस्था सुधारली, आणि १९१३ साली त्याच डोंगरांत आपल्या गाड्यांचा दबदबा निर्माण केला. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की गाडी बिघडलेली नव्हती. तिच्या पोटात इंग्लंडचा भूगोल होता, एवढेच.

मोटारीचा प्रत्येक भाग आपल्या जन्मभूमीविषयी काहीतरी गृहीत धरून चाललेला असतो. स्प्रिंग रस्त्याविषयी गृहीत धरते, रेडिएटर हवेविषयी, इंजिन तेलाविषयी, दिवा वाहतुकीच्या बाजूविषयी, आणि मागची बैठक मालकाविषयी. गाडी परमुलखात पाठवायची म्हणजे ही गृहीते एकेक करून उकलायची आणि नवी बसवायची. रंग बदलला, चाकाच्या टोप्या बदलल्या, म्हणजे गाडी देशी झाली असे समजण्याचे कारण नाही.

कोणी म्हणेल, शिराळ्याच्या व्याख्यानमालेत कोट्यधीशांच्या मोटारींचे पुराण कशाला? आक्षेप वाजवी आहे. पण चाके घसरू न देणारी ब्रेकची व्यवस्था, जिला एबीएस म्हणतात, ती बॉश कंपनीने तयार केली आणि १९७८ साली मर्सिडिजच्या एस-क्लास या उंची गाडीत प्रथम आली. आपल्याकडे ती सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली एप्रिल २०१९ मध्ये. मधली ४१ वर्षे ती श्रीमंतांच्या गाडीत राहिली आणि मग भाड्याच्या गाडीपर्यंत आली. उंची मोटार ही एक प्रकारची पुढची टेहळणी आहे. ती जिथे ठेचकाळते तिथे बाकीच्यांना उद्या जायचे असते.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. कोल्हापूरच्या दसऱ्याला जी मेबॅक मोटार निघते ती आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. त्या काळी ती जर्मनीतून तयार होऊन आली. आज ते मेबॅक हे नाव मर्सिडिजच्या सर्वांत महागड्या गाड्यांवर असते, आणि त्यांपैकी एस-५८० ही गाडी २०२२ पासून पुणे जिल्ह्यात चाकणला जुळविली जाऊ लागली. आपल्या डोंगरी भागातली मुले पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जात, आता ती भोसरी-चाकणकडे जातात. तेव्हा गाडीत बदल कोण करतो, कोठे करतो आणि त्यातले ज्ञान कोणाकडे राहते, हा प्रश्न आपल्या घरातल्या भाकरीशी जोडलेला आहे.

चाकणच्या या कहाणीची सुरुवात पिंपरीत झाली. डेमलर-बेंझचा आणि टाटांच्या टेल्कोचा संबंध जुना. १९५४ पासून जमशेदपूरला त्यांच्या सहकार्याने मालमोटारी तयार होत होत्या आणि तो करार १९६९ साली संपला. पुढे १९९४ मध्ये दोघांनी मिळून प्रवासी मोटारींची कंपनी काढली, आणि १९९५ पासून पिंपरीच्या टेल्कोच्या आवारात ई-क्लास गाडी जुळविली जाऊ लागली. पण जी आवृत्ती आपल्याकडे आली तिची जागा युरोपात त्याच वर्षी नव्या आवृत्तीने घेतली. गिऱ्हाईकाला हे कळत होते. ज्याच्या हातात पैसा असतो त्याच्या हातात परदेशी मासिकेही असतात! परक्या बाजारासाठी गाडी जुळविताना पहिला नियम कोणता, तर त्या बाजाराला अडाणी समजू नये. कंपनीने हे ओळखले, नवी आवृत्ती आणली, आणि २००९ मध्ये चाकणला स्वतंत्र कारखाना उभा केला.

खरा बदल दिसला तो २०१७ साली. युरोपात ई-क्लास गाडीचा मालक बहुधा स्वतःच गाडी चालवितो. आपल्याकडे एवढ्या किमतीची गाडी घेणारा मनुष्य बहुधा मागे बसतो आणि चालविणारा पगारी असतो. चीनमध्येही हीच रीत. म्हणून चीनसाठी या गाडीची एक लांब आवृत्ती आधीच निघाली होती. साध्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधले अंतर २,९३९ मिलिमीटर, लांब गाडीत ३,०७९. म्हणजे १४० मिलिमीटर, अर्ध्या वितेहून अधिक, जागा वाढलेली, आणि ती सगळी मागे बसणाऱ्याच्या पायांसाठी. अडचण अशी की चीनमध्ये वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, त्यामुळे स्टिअरिंग डावीकडे. उजवीकडे स्टिअरिंग असलेली लांब ई-क्लास जगात नव्हती. ती भारतासाठी तयार करण्यात आली आणि चाकणला जुळविली गेली. साध्या लांबीची, उजव्या स्टिअरिंगची गाडी इंग्लंडसाठी होतीच. तेव्हा चीनच्या लांब देहाला इंग्लंडचा हात जोडायचा, असे हे काम होते.

ऐकायला सोपे वाटते. वस्तुतः स्टिअरिंग एका बाजूचे दुसऱ्या बाजूला नेणे म्हणजे घराची चूल पूर्वेकडून पश्चिमेकडे नेण्यासारखे आहे; धुराडे, मोरी, फडताळ सगळेच हलते. स्टिअरिंगचा दांडा खाली ज्या वाटेने जातो तिथे काही इंजिनांची धूर बाहेर टाकणारी तापलेली नळी येते, मग दांड्याला बाक द्यावा लागतो किंवा उष्णतेचा आडोसा करावा लागतो. पायाचे ब्रेक-क्लच बाजू बदलतात, त्यामागची ब्रेकला जोर देणारी डबी बदलते. काही कारखान्यांनी पूर्वी ही डबी जागच्या जागी ठेवून आडव्या दांड्याने जोडण्याची पळवाट काढली, पण त्यामुळे पायाखाली ब्रेक थोडा मऊ लागतो. काचेवरचे वायपर उलट्या दिशेने झोपवावे लागतात, नाहीतर चालकाच्याच समोरचा कोपरा ओला राहतो.

आणि दिवे. डिपर टाकला की आधुनिक दिव्याचा झोत दोन्ही बाजूंना सारखा पडत नाही. समोरून येणाऱ्याच्या बाजूला तो खाली दाबलेला असतो आणि रस्त्याच्या कडेच्या बाजूला जरा वर उचललेला, म्हणजे कडेने चालणारा माणूस दिसावा. जर्मनीत कड उजवीकडे, आपल्याकडे डावीकडे. तिकडचा दिवा तसाच इकडे आणला तर उचललेला झोत नेमका समोरच्याच्या डोळ्यांत जाईल. उसाच्या हंगामात रात्री शिराळा-इस्लामपूर रस्त्यावर, मागे दिवा नसलेल्या जोड-ट्रॉलीमागून ज्याने गाडी नेली आहे त्याला ही बाब समजावून सांगावी लागणार नाही.

आता मुख्य मुद्दा, गाडीच्या उंचीचा. आपल्या भाषेत भारी वस्तूला ‘उंची’ म्हणतात, आणि नेमकी ही उंची मोटार जमिनीला चिकटून चालते, हा एक मौजेचा विरोध आहे. वेगात स्थिर राहावी, वारा खालून शिरू नये, म्हणून तिचे पोट खाली ठेवलेले असते. जर्मनीच्या महामार्गावर ते योग्यच आहे. आपल्याकडे मात्र मध्ये गतिरोधक येतो.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शनानुसार गोलाकार गतिरोधक कसा असावा? गाडी जाते त्या दिशेने ३.७ मीटर लांब, मध्यभागी १० सेंटिमीटर उंच, म्हणजे १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. आता लांब ई-क्लास बरोबर त्याच्या माथ्यावर आहे असे धरा. तिच्या आसांमधले अंतर ३.०७९ मीटर, म्हणजे चारही चाके त्या उंचवट्याच्या अंगावरच आहेत. माथ्यापासून १.५४ मीटरवर तो उंचवटा सुमारे ७ सेंटिमीटर उतरलेला असतो. याचा अर्थ गाडीच्या पोटाखालच्या जागेतून ७ सेंटिमीटर खर्च झाले. साध्या लांबीच्या गाडीचे याच हिशेबाने साडेसहाच्या आत खर्च होतात. म्हणजे एवढी लांबी वाढविल्याची किंमत नियमातल्या गतिरोधकावर जेमतेम ६ मिलिमीटर! गतिरोधक नियमाप्रमाणे बांधला असेल तर लांब गाडीने भिण्याचे कारण नाही.

पण गावकऱ्यांनी अपघातानंतर रागाने रात्रीत घातलेला गतिरोधक घ्या. दीड-दोन फूट रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच. येथे चाके त्याच्या दोन्ही अंगांना सपाट रस्त्यावर राहतात आणि मधला उंचवटा पूर्णच्या पूर्ण पोटाखाली येतो. खर्च ७ नव्हे, १५ सेंटिमीटर. एवढी जागा अनेक उंची गाड्यांच्या पोटाखाली नसतेच. त्यात मागे तीन माणसे आणि सामान असले की स्प्रिंग दबते आणि गाडी आणखी खाली येते. मग चेंबर घासतो, कधी फुटतो, आणि तेल रस्त्यावर.

गावातला मिस्त्री यावर उपाय करतो: स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचा तुकडा घालतो. गाडी उचलली जाते, मालक खूश होतो. मी या उपायाला हसणार नाही, कारण निदान अचूक आहे. औषध मात्र अर्धे आहे. गाडी दोन सेंटिमीटर उचलली की तिचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर ती अधिक कलते. चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दांड्यांचे कोन बदलतात आणि त्यांचे सांधे अधिक झिजतात. चाके रस्त्यावर टेकण्याचा तिरपेपणा बदलतो, टायर एका कडेने खाल्ला जातो. दिव्यांचा झोत हलतो. कारखाना जेव्हा हेच दोन सेंटिमीटर वाढवितो तेव्हा तो स्प्रिंग, शॉक-अॅब्सॉर्बर, कलणे आवरणारा आडवा दांडा आणि स्टिअरिंगची जुळणी, या सगळ्यांचा हिशेब पुन्हा मांडतो, आणि मग गाडी महिनोन्‌महिने खड्ड्यांतून हिंडवितो. मिस्त्रीची नजर आणि कारखान्याचा हिशेब यांची गाठ कोठे पडत नाही, हे मला आपल्याकडचे सर्वांत मोठे नुकसान वाटते.

याच भागात अशी गाठ एकदा पडली होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विलायती लोखंडी नांगर नजरेपुढे ठेवून आपल्या बैलांना ओढवेल आणि आपल्या जमिनीत चालेल असा नांगर तयार केला. लोखंडाने जमिनीला विष चढते असे म्हणणाऱ्या शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन तो विकावा लागला. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली ती त्या नांगराच्या जोरावर. तिथे वस्तू परकी होती, पण बदल करणारा हात, बदलाचा कागद आणि नफा, तिन्ही इथलेच होते.

मोटारीच्या बाबतीत मात्र पुष्कळसे काम जकातीच्या कायद्याने ठरते. तयार मोटार परदेशातून आणली तर तिच्यावर जबर जकात बसते. सुटे भाग आणून इथे जुळविली तर पुष्कळ कमी. मग ‘सुटे’ म्हणजे किती सुटे? २०११ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात याची व्याख्या झाली. इंजिन, गिअरबॉक्स किंवा शक्ती चाकांपर्यंत नेणारी यंत्रणा आधीच जुळवून आणली, तर त्या गाडीला पूर्ण सुटी समजायचे नाही आणि सवलत कमी करायची. त्याचा परिणाम असा की जो कारखानदार आधी इंजिन पेटीत बंद करून आणत होता, त्याला इंजिन इथे जुळविण्याचा विचार करावा लागला. कायद्याचे एक वाक्य कामगाराच्या हातात नवे पान्हे देऊ शकते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

तरीसुद्धा पान्हा आणि पेन्सिल यांत फरक आहे. चाकणचा कामगार बोल्ट किती जोराने आवळायचा ते नेमलेल्या आकड्यानुसार आवळतो. तो आकडा मात्र त्याचा नसतो. गाडीचा मूळ आराखडा जर्मनीत तयार होतो. मर्सिडिजचे संशोधन-केंद्र बंगळुरूला १९९६ मध्ये निघाले, आणि त्यात भारतीय इंजिनियर गणकयंत्रावर अवघड हिशेब करतात. म्हणजे पेन्सिल या देशात आलीच नाही असे नव्हे. पण ती चाकणला किंवा कोल्हापूरच्या ओतशाळांच्या दारी फारशी आली नाही. आमच्या भागातला तंत्रशिक्षण घेतलेला मुलगा पान्हा धरण्यात तरबेज होतो, आणि ‘हा भाग असाच का?’ हे विचारण्याची त्याला ना सवड मिळते ना कोणी शिकविते.

इंधनाची गोष्ट यापेक्षा वेगळी आहे, कारण तिथे बदल गाडीने नव्हे तर देशाने करायचा असतो. आधुनिक डिझेल इंजिनाच्या धुराड्यात काजळी आणि विषारी वायू अडविणारी नाजूक चाळणी व रसायनाचे लेप असतात. तेलातले गंधक हा त्यांचा शत्रू. भारत-३ प्रतीच्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भागांपर्यंत गंधक चालत असे, भारत-४ मध्ये ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर आलेल्या भारत-६ मध्ये १०. भारत-४ तेल २०१० मध्ये आधी १३ शहरांत आले. त्या यादीत मुंबई, पुणे, सोलापूर होते, आपला सांगली जिल्हा नव्हता. म्हणजे पुण्यात घेतलेली गाडी गावच्या जत्रेला आली आणि इथल्या पंपावर तिने टाकी भरली, तर तिच्या पोटात सातपट गंधकाचे तेल जाई. मग कारखानदार काय करणार? गाडी सर्वांत वाईट तेलाच्या हिशेबाने जुळविणार, म्हणजे धूर गाळणारे उत्तम भाग काढून साधे बसविणार. २०१७ च्या एप्रिलपर्यंत, देशभर भारत-४ येईपर्यंत, ही ओढाताण चालली. लंडनच्या रस्त्यावरची गाडी आणि आपली गाडी दिसायला एक, पण धुराड्यात दोन निराळ्या, असे कित्येक वर्षे होते.

रडारचेही असेच. समोरचे वाहन ओळखून आपोआप ब्रेक लावणाऱ्या गाडीला ७६ ते ७७ गिगाहर्ट्झच्या लहरी लागतात, आणि सरकारने त्या विनापरवाना वापरण्यास मोकळ्या केल्याशिवाय तो भाग गाडीत बसवून उपयोग नाही. तो बसविल्यावर त्याला म्हैस, उसाची मोळी आणि उलट्या बाजूने येणारी दुचाकी शिकवावी लागते ती निराळीच.

आणि आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आले आहे. २०२५ मध्ये देशात २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले गेले. इथेनॉल पाणी शोषून घेते, काही प्रकारचे रबर आणि प्लॅस्टिक फुगविते, आणि लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच उष्णता देते. म्हणून इंधनाच्या नळ्या, पंपातले वायसर, टाकीतले सील आणि इंजिनात किती इंधन फवारायचे याचे आकडे, हे सगळे या मिश्रणाला सोसेल असे करावे लागते. इथे प्रथमच पारडे फिरले आहे. हे इथेनॉल मोठ्या प्रमाणावर साखर कारखान्यांतून येते. वाळवे-शिराळ्याच्या उसाची मळी आणि रस त्यात आहे. जर्मनीतल्या इंजिनियराला आपल्या नळीचे रबर ठरविताना आता आपल्या शेतातून निघालेल्या पदार्थाचा विचार करावा लागतो. त्या रबराची परीक्षा घेणारी एखादी प्रयोगशाळा इस्लामपूर किंवा कोल्हापूरच्या एखाद्या तंत्रविद्यालयात निघावी, आणि साखर कारखान्यांनी तिला दरसाल थोडा पैसा द्यावा. यासाठी लागणारी उपकरणे फार मोठी नाहीत: निरनिराळ्या रबरांचे तुकडे, तापमान स्थिर ठेवणारी पेटी, अचूक तराजू, आणि रोज वजन टिपून ठेवणारी दोन मुले.